तुझी निरगाठ

वहिनी, दादा उद्या तुझ्या खाटेजवळची भिंत सारवून घेणार आहे. तुला जाऊन दीड महिना झाला. मृग तोंडावर आलाय, घरात बियाण्याची धावपळ आहे, आणि शेजारच्या बायकांचं म्हणणं असं की ती भिंत तशीच ठेवणं बरं नाही. त्या आता ओसरीपर्यंतच येतात, आत डोकावत नाहीत. पांढऱ्या मातीवर तू नखानं काढलेली वर्तुळं आहेत, उशापासून पायथ्यापर्यंत, तुझा हात पोचेल तेवढ्या उंचीवर. काही बांगडीएवढी, काही चिंचोक्याएवढी. शेवटच्या आठवड्यात तू बोलणं सोडलंस आणि हे सुरू केलंस. दिवसभर ती करकर चालायची. तीही डाव्या हातानं, ज्या हाताची मूठ तुला सहा वर्षांत धड वळता आली नव्हती. दादा म्हणाला, तिला भ्रम झालाय. मीही तसंच समजले, आणि स्वतःला मास्तरीण म्हणवते.

तुझा हात थांबला त्या दुपारपासून माझी डावी करंगळी कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटते. दुखत नाही. बाजारात लहान मूल आईचं बोट धरतं, तेवढाच जोर. वर्गात फळ्यावर लिहिताना डावा हात मोकळा असतो, तेव्हा जास्त जाणवतं. मी हात झटकते आणि पोरी एकमेकींकडे बघतात. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुझ्याकडूनच हे लक्षण माझ्याकडे आलं आहे, आणि तू सांगितलं होतंस तेव्हा मी हसले होते.

तू कोंढ्याला सून म्हणून आलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तू सतरा. नणंद म्हणून तुझ्यावर रुबाब करायचा हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तो रुबाब धानाच्या पहिल्या रोवणीपर्यंतच टिकला. बांधीत, शेताच्या त्या वाफ्यातल्या चिखलात उतरलो, मी दहा पावलांत मागे पडले आणि तू डाव्या हातावर पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची जुडी तोलून, उजव्या हातानं रोप खुपसत, उलट्या पावलांनी अशी सरकत गेलीस की जुन्या बायाही बघत राहिल्या. दुसऱ्या वर्षापासून ओळीचं टोक तुझ्याकडे आलं. तू ज्या चालीनं सरकशील त्या चालीनं बाकीच्या सरकायच्या. मी बांधलेली जुडी मात्र तुझ्या हातात जाताच सुटायची. तू कपाळाला हात लावायचीस. "तुह्या गाठी सुटतेत, मास्तरीण," म्हणायचीस. मला सूरगाठच यायची, एक टोक ओढलं की मोकळी. तू निरगाठ मारायचीस, ती सोडवायची म्हणजे विळाच लागायचा. मी तेव्हा शाळेतच शिकत होते तरी तू मला मास्तरीण म्हणायला लागलीस, आणि पुढे मी खरंच झाले. शहापूरच्या मुलींच्या शाळेत लागले, तिथेच खोली केली, लग्न काही केलं नाही. त्यावरही तू बोलायचीस, पण प्रेमानं.

छातीतली गाठ तू वर्षभर लपवलीस. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही, हे लिहून ठेवते. गाठ हाताला लागत होती, मग काखेत दुसरी आली, मग तिथे घोसच झाला, आणि तू लुगड्याचा पदर घट्ट खोचून धान कापत राहिलीस. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ते वयस्कर डॉक्टर तुझ्या काखेत बोटं घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग मला म्हणाले, गाठी एकमेकींना आणि आतल्या मांसाला चिकटल्या आहेत, आत्ता चाकू लावला तर अर्धं आतच राहील. आधी शिरेतून औषध देऊ, गाठी बसल्या की कापू. तेव्हा हे नवीनच होतं. आमच्या शाळेत कुणी ऐकलेलं नव्हतं की कापायच्या आधी औषध देतात.

दर तीन आठवड्यांनी ते लाल औषध तुझ्या हातात उतरायचं. कोंढ्याहून येण्याजाण्यात जीव जाईल म्हणून तू माझ्या खोलीवर राहिलीस. शहापूर नागपूरच्या रस्त्यावरच, एस.टी. दारावरून जाते. तुझे केस गेले, पोटात पाणी ठरेना, आणि तरी बरं वाटलं त्या दिवशी तू माझी भांडी घासून ठेवायचीस नि वर मला सुनवायचीस की मास्तरणीला तवा घासता येत नाही. ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते आणि सगळ्यात भरलेले. शाळेतून येताना मी एस.टी.च्या थांब्यापासून खिडकी बघायची. तू बसलेली दिसलीस की माझा जीव भांड्यात पडायचा.

तिथेच एका दुपारी तू म्हणालीस, मले लिहाले शिकव. मी दोनदा पूर्वी प्रयत्न केला होता, तू ग म भ न पर्यंत येऊन उठून जायचीस, म्हशीचं निमित्त करून. मी शाळेतून एक लहान पाटी आणली. म्हटलं, नावापासून सुरू करू. तू नाही म्हणालीस. तुला गाठ हा शब्द हवा होता.

"ज्यानं मले धरलं त्याचं नाव तरी वाचता आलं पायजे."

मी लिहून दिलं. ग तुला येत होता, काना सोपा. ठ मात्र तू सारखा चुकायचीस. वरच्या रेघेला एक देठ असतो आणि देठाखाली गोल, हे मी वीस वेळा सांगितलं. तू देठ गाळायचीस, रेघही गाळायचीस, नुसता गोल काढायचीस आणि म्हणायचीस, एवढंच तं हाय. मी चिडले. खरं सांगते, तू आजारी होतीस तरी मी तुझ्यावर शाळेतल्या पोरींसारखी चिडले. तीन दिवसांनी पुढचं औषध झालं, तू आडवी झालीस, पाटी हातानं लोटलीस, ती फरशीवर पडली आणि तिचा कोपरा फुटला. त्यानंतर शिकण्याचं नाव तू काढलं नाहीस. मी धरून चालले की ते राहिलं.

औषधानं काम केलं. छातीतली गाठ निम्मी झाली आणि काखेतला घोस बोटांना लागेनासा झाला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग वयस्करांनी तपासलं, दोघांनाही काही लागलं नाही. तुला वाटलं सुटलो. त्या रात्रीपासून नव्हे, त्याच घटकेपासून तू घरी जायच्या गोष्टी करायला लागलीस. मग मला एकटीला खोलीत बोलावलं. दादा बाहेरच थांबला, म्हणाला, तूच पाह्य, मले त्यातलं काई समजत नाही.

त्या खोलीत दोन वाटा माझ्यापुढे ठेवल्या गेल्या, वहिनी. छाती तर काढायचीच होती. प्रश्न काखेचा होता. डॉक्टरीणबाईंचं मत असं की गाठी लागत नाहीत तर खालच्या दोनचार तेवढ्या काढून तपासू, बाकी काखेला विजेचा शेक देऊ, म्हणजे हात वाचेल. सगळ्या काढल्या तर हातातलं पाणी परत वर चढायची वाट तुटते, हात सुजतो, जड होतो, कधी जन्मभर. वयस्कर डॉक्टर मान हलवत होते. बोटाला लागत नाही म्हणजे नाही असं नसतं, म्हणाले. एकदा तिथे घोस होता. थोड्या काढल्या आणि त्या नेमक्या साफ निघाल्या, तरी उरलेल्यांचं काय, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. मी विचारलं, तुमची बहीण असती तर? ते म्हणाले, सगळ्या काढल्या असत्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, आधी बहिणीला विचारलं असतं.

मी तुला विचारलं. म्हणजे, अर्धं विचारलं. काखेला हात लावायचा की नाही यावर डॉक्टरांचं ठरत नाहीये, एवढंच सांगितलं. तू माझं मनगट धरलंस.

"छाती नेऊ दे. तिचं काम झालं. पन काखेले हात नोको लावू देजो. हात गेला तं मी बांधीत काय घेऊन उतरू?"

मी हो म्हटलं. नाही लावू देणार म्हटलं. आणि जिना चढून जाऊन वयस्कर डॉक्टरांना सांगितलं, सगळ्या काढा. जिन्याच्या वळणावर एक क्षण थांबले होते, ते कुणी पाहिलं नाही. मला तुझा हात नको होता, मला तू हवी होतीस. हे वाक्य मी सहा वर्षं मनात घोळवलं, आणि ते कितीही खरं असलं तरी तुला तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही.

संमतीचा कागद मराठीत होता, वर छापील आणि मधली जागा डॉक्टरीणबाईंनी हातानं भरलेली. त्या म्हणाल्या, तुम्हीच वाचून दाखवा, तुमचा आवाज ओळखीचा आहे. मी वर्गात धडा वाचते तसं सावकाश, स्पष्ट वाचलं. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया. भूल दिली जाईल. धोका समजावून सांगितला आहे. त्यामधली एक ओळ मी गाळली. डोळा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर नेला, आवाजात खंड पडू दिला नाही. डॉक्टरीणबाई शाई काढत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. तू कागदाकडे बघत होतीस.

"झालं?" तू विचारलंस.

मी म्हटलं, झालं.

तू कागदावरून बोट फिरवलंस, धूळ पुसावी तसं. मग डावा अंगठा शाईत बुडवून कागदाच्या मध्येच कुठेतरी टेकवलास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, इथं नाही, खाली चौकटीत. मग खाली दुसरा उठवला. मला वाटलं, हात चळला असेल.

शस्त्रक्रिया झाल्यावर परिचारिकेनं माझ्या हातात दोन बरण्या दिल्या, एक मोठी कागदात गुंडाळलेली आणि एक लहान, न गुंडाळलेली. तपासणीची इमारत आवाराच्या पलीकडच्या टोकाला होती आणि नातेवाइकांनीच नेऊन द्यायचं अशी तिथली रीत. बरणीतल्या पाण्याच्या वासानं डोळ्यांतून धार लागली. मी रडत होते की नव्हते हे मलाच सांगता येणार नाही. लहान बरणीत तुझ्या काखेतल्या गाठी होत्या, चरबीत गुंतलेल्या, पिवळसर. टळटळीत दुपार होती, आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. त्या झाडाखाली बरणी माझ्या हातात जड झाली. मी थांबले. डोळे मिटून उघडले, मग पुढे गेले. आतलं पाणी हलत नव्हतं आणि मी चालत होते. एवढंच आठवतं. खिडकीत बरण्या देऊन परत आले तेव्हा हात रिकामा असूनही हलका झाला नव्हता.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा तुझ्या काखेतून नळी निघालेली होती. तू उजव्या हातानं चाचपलंस. मी पाठ करून ठेवलेलं बोलले: आत पाहिल्यावर काढाव्याच लागल्या, डॉक्टरांनी ठरवलं. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस.

"डॉक्टरनं," एवढंच म्हणालीस.

मग तू त्या गाठी मागितल्यास. छाती नको, फक्त गाठी. आपल्याकडे बाळाची नाळ घरात पुरतात, आणि जिथं नाळ पुरली तिकडे माणूस ओढला जातो हे तू मला समजावलंस, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. नागपूरच्या मातीत माह्या गाठी राहिल्या तं त्या मले बोलावत राहतीन, म्हणालीस. मी तपासणीच्या खिडकीवर जाऊन विचारलं. त्या माणसानं मान वर न करता नाही म्हटलं. परत येताना चिंचेखाली बसले आणि वाळके चिंचोके वेचले, मूठभर. माझ्या जुन्या पातळाच्या निळ्या चिंधीत पुरचुंडी बांधली, बरण्या नेताना तिनंच हात पुसले होते, त्या पाण्याचा वास चिंधीला लागलाच होता. तुझ्या हातात दिली आणि सांगितलं, उघडू नकोस, औषधात आहेत. तू ती तळहातावर तोललीस. माझ्या सूरगाठीवरून अंगठा फिरवलास आणि उशाखाली ठेवलीस.

कोंढ्याला गेल्यावर तलावाच्या पाळीवर, पळसाच्या बुंध्याशी तू ती पुरलीस. मी शेजारी उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वरून माती लोटून तू पायानं दाबलीस आणि म्हणालीस, आता ठीक.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. बहुतेक गाठींत रोग मेलेला होता, तीन गाठींत जिवंत. वयस्कर डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी तो कागद आजही जपून ठेवला आहे, माझ्या बाजूचा तेवढाच एक साक्षीदार आहे. वर शेकही दिला गेला, आणि दिवाळीच्या आत तुझा हात सुजायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. बांगड्या रुतल्या. कासारीण आली, तिनं फडक्यात धरून एकेक फोडली, आणि सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या फोडताना तिचेच डोळे भरले. दादा पुढच्या दारात बसला होता, त्याला आत येऊ दिलं नाही. त्यानंतर तुझ्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या आणि डाव्यात नुसता काळा दोरा. ज्या बायकांनी तुझ्या मागून वर्षानुवर्षं ओळी रोवल्या होत्या, त्या हळदीकुंकवाला तुझ्या डाव्या हाताकडे बघत राहायच्या.

चिखल बंद झाला. काटा लागला, जळू लागली तरी हात लाल होऊन ताप चढायचा, एकदा तर आठ दिवस बेशुद्धीसारखी होतीस. मग रोवणीच्या दिवसांत तू धुऱ्यावर, शेताच्या कडेला उभी राहायचीस. मी सुटी काढून यायची आणि तुझ्या शेजारी छत्री धरून उभी राहायची. खाली बाया सरकत असायच्या आणि तुझ्या डाव्या हाताची बोटं आपसूक हलायची, जुडीतून एकेक रोप मोकळं करावं तशी. तुला ते कळत नसे. दंडाच्या आतल्या बाजूला तुला स्पर्शच राहिला नव्हता, मी चिमटा काढून पाहिला होता. आणि त्याच हाताबद्दल तू एकदा सांगितलंस, कोनतरी करंगळी धरून हाय. बसल्या बसल्या तू मावळतीकडे तोंड करून वळायचीस, नागपूर तिकडेच. मी हसले आणि शिरा, नसा, असं काहीबाही शास्त्र सांगितलं. पुढच्या खेपेला तूच म्हणालीस, आता नाई वढत, थांबलं. मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, चिंचोक्यांनी काम केलं. कुणाला फसवून एवढं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

सहा वर्षं मिळाली. पोरीचं लग्न तू केलंस, नातवाला उजव्या मांडीवर घेतलंस. माझ्या खोलीवर येऊन माझा तवा एका हातानं घासलास. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला, म्हणजे जो कुणाला धड ठाऊक नव्हता आणि मीच ठरवून दिला होता त्या दिवशी, मी मनात म्हणायची, बघ, माझं बरोबर होतं. आणि हाताकडे नजर गेली की म्हणणं तिथेच थांबायचं. मी वाट बघत होते, वहिनी. तू एकदा तरी भांडशील, मास्तरीण, तू मले फसवलं म्हणशील, आणि मी त्या जिन्याच्या वळणाचं सगळं ओकून टाकेन. तू तिखटावरून भांडलीस, माझ्या न झालेल्या लग्नावरून भांडलीस. हातावरून कधीच नाही.

गेल्या वर्षी रोग परत आला तो हाडांत आला. काखेत नाही, काख शेवटपर्यंत साफ होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा गाठी ठेवल्या असत्या तर? त्यांचेही केस आता पिकायला लागले आहेत. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मग म्हणाल्या, त्यांना हात मिळाला असता, वर्षं किती मिळाली असती ते खरंच सांगता येत नाही. म्हणजे माझ्या बाजूनंही निकाल नाही आणि तुझ्याही नाही.

परवा दादानं एक गोष्ट सांगितली. बसल्या जागी, सुपातलं तुरीचं बी निवडता निवडता. म्हणाला, गेली पाच वर्षं तू झोपायच्या आधी डावा हात लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या खुराला बांधून घ्यायचीस. न बांधता निजलीस तर सकाळी हात मावळतीच्या भिंतीला टेकलेला असायचा आणि तू अंगाला आळोखे देत त्याच्यामागे सरकलेली. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? दादानं सूप खाली ठेवलं.

"तुले नोको सांगू म्हने. तिले वाटते थांबलं, वाटू दे म्हने."

मी उठून अंगणात गेले. माझी करंगळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून उभी राहिले.

आणि आज सकाळी दादानं पऱ्ह्यांसाठी बियाण्याची ढोली, धान साठवायची मोठी कणगी उघडली. मी टोपली धरून होते. वरचं धान काढलं, आणि हातभर खाली दादाच्या हाताला काहीतरी लागलं. त्यानं बाहेर काढलं आणि माझ्याकडे धरलं, हे काय हाय ग? निळ्या चिंधीची पुरचुंडी. माझ्या पातळाची चिंधी. जी मी माझ्या डोळ्यांदेखत पळसाखाली पुरली जाताना पाहिली होती. कापड कुजलं नव्हतं, मातीचा डाग नव्हता. नाकाला धरलं तर बरणीतल्या पाण्याचा वास आला, सहा वर्षांनी, धानाच्या ढोलीत. माझ्या नाकाचा भास म्हण. दादाला तो आला नाही. तू ती परत केव्हा उकरलीस, त्याच दिवशी का वर्षांनी, हे सांगणारं आता कुणी नाही.

गाठ सुटेना. मी सूरगाठ मारली होती, आणि हातात होती ती निरगाठ, बारीक, आवळलेली, तुझी. म्हणजे तू उघडून पाहिली होतीस. विळ्यानं कापली तेव्हा चिंचोके ओसरीवर घरंगळले, आणि त्यांच्याबरोबर काळ्या पाटीचा एक तुकडा पडला. शहापूरच्या खोलीत फुटलेला कोपरा. त्यावर टोकदार काहीतरी घेऊन कोरलेलं होतं. ग होता. काना होता. आणि त्यांच्यापुढे एक गोल, देठ नसलेला, रेघ नसलेला.

दादानं विचारलं, काय लिहिलं हाय? मी सांगितलं, गाठ.

मी आत आले. तेव्हापासून तुझ्या खाटेवर बसले आहे, मांडीवर वही घेऊन. भिंतीकडे बघते आहे. ही वर्तुळं नाहीत. हे ठ आहेत, वहिनी, सगळे चुकीचे, आणि मी शिकवलेले. तुला वाचता येत होतं. त्या कागदावर मी गाळलेल्या ओळीत तोच शब्द होता, आणि तुला तेवढा एकच शब्द येत होता. तू बोट फिरवून तो शोधलास. मला विचारलंस, झालं? मी झालं म्हटलं. तेव्हा तू माझ्याकडे न बघता, शाईचा अंगठा घेऊन नेमका त्या ओळीवर ठेवलास. तुझा हात चळला नव्हता. चौकटीतला अंगठा दवाखान्यासाठी होता, वरचा माझ्यासाठी. मी सहा वर्षं समजत होते की मी तुझा हात चोरला, आणि तो तू मला त्याच दिवशी देऊन टाकला होतास. मग तू मला सांगितलं का नाहीस? एवढं भांडण तू माझ्याशी का केलं नाहीस ग?

दादा दाराशी येऊन विचारून गेला, सारवू ना उद्या? मी म्हटलं, थोडं थांब. मला एक वाचायचं राहिलंय. तो बाहेर गेला.

भिंतीकडे तोंड करून मी वाचलं, वर्गात वाचते तसं, सावकाश आणि स्पष्ट. "तसेच काखेतील सर्व गाठी काढून टाकण्यास माझी संमती आहे." वाचून झाल्यावर मी करंगळी सुटायची वाट बघितली. ती सुटली नाही. धरणाऱ्यानं उलट थोडी घट्ट धरली.

झालं, वहिनी. आता झालं. दादाला सांगते, भिंत सारव. हात मात्र मी सोडवून घेणार नाही, तू हवा तितका वेळ धरून राहा.